सांडलेल्या शेणाचा इतिहास

"मावशी, अंगठा इथे."

टेबलामागच्या मुलीनं शाईचा पॅड माझ्यापुढे सरकवला. जळगावातला एसी हॉल. दारात फुलांची रांगोळी, दोन्ही बाजूंना केळीचे खांब, स्टेजवर मोठा बॅनर. आमच्या कलोपचार संघटनेचं अधिवेशन होतं. माझ्या पुढच्या बाईला पेन मिळालं, फाइल मिळाली, गळ्यात घालायला नावाची पट्टी मिळाली. माझ्यासाठी दुसरं रजिस्टर निघालं. त्यावर लिहिलं होतं, 'मदतनीस व इतर'.

मी म्हटलं, "मला सही येते."

"अरे वा! छान, छान," ती म्हणाली. लहान पोरानं कविता म्हणून दाखवल्यावर म्हणतात ना, तसं.

मी दहावी पास आहे. सही केली, पूर्ण नावानं, दोन ओळी अडवून. नावाची पट्टी मागितली. "मदतनिसांना नसते ती, मावशी," असं म्हणून तिनं माझ्या मागच्या माणसाला हसून नमस्कार केला.

मी तिला आमची संघटना म्हणते, कारण तिचा पहिला दिवस मी पाहिलाय. तेव्हा मी जळगावातल्या एका खासगी मनोरुग्णालयात आया होते. माझं गाव चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. आदिवासी पाडा. पावसावरची शेती, उन्हाळ्यात मोहाची फुलं आणि तेंदूपत्ता, नाहीतर खाली येऊन केळीच्या बागेत मजुरी. दवाखान्यात आयाला नाव नसतं. ती मावशी असते. मी तिशीच्याही आत होते आणि डॉक्टरांची बायको, आमची मॅडम, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. तीही मला मावशीच म्हणायची. तोंडावर मी तिला कायम अहो-जाहो केलं. इथे करणार नाही.

मॅडम पुण्याहून कलोपचाराचा कोर्स करून आली होती. चित्र, माती, गाणं यांतून मनाचा आजार हलका करायचा, असं ते शास्त्र. मला ते पटलं होतं. आजही पटतं. तिनं रंगीत खडू आणले, पांढरेशुभ्र कागद आणले, बायकांच्या वॉर्डात टेबलं मांडली. "काहीही काढा. मनात येईल ते," ती म्हणायची. बायका कागदाकडे बघायच्या आणि हात पदराखाली घ्यायच्या. मॅडम वहीत लिहायची, 'प्रतिसाद नाही'.

प्रतिसाद होता. तिला तो कळत नव्हता. धुळ्याकडच्या एका खेड्यातली हिराबाई होती, चाळिशीची. महिनाभर तिनं तोंड उघडलं नव्हतं. एकदा मी तिच्यापुढे कागद ठेवला तेव्हा हात मागे घेऊन ती पहिल्यांदा बोलली. "कागद नको दावू माले. कागद उना का घर जास." कागद आला की घर जातं, असं ती म्हणत होती. नवऱ्यानं आणि दिरानं तिचा अंगठा कोऱ्या कागदावर घेतला होता आणि त्या कागदानं ती घराबाहेर झाली होती. वॉर्डातल्या निम्म्या बायकांचं कागदाशी असंच काहीतरी वैर होतं. कुणाची सोडचिठ्ठी, कुणाची वाटणी, कुणाचा दवाखान्यात भरतीचा फॉर्म. त्यांच्या लेखी कागद म्हणजे अंगठा द्यायची जागा. त्यावर त्या फूल काढतील कशा?

मग मला एक गोष्ट सुचली. मला सुचली. पुढचं सगळं भांडण एवढ्याचंच आहे.

सुट्टीला गावी गेले तेव्हा गोणीत पांढरी माती भरली आणि एसटीनं घेऊन आले. दवाखान्यामागे धुण्याची शेड होती. तिची एक भिंत नुसत्या विटांची, गिलावा नसलेली. मी शेण आणि माती कालवली, हिराबाईला शेजारी आणून बसवलं आणि भिंत सारवायला घेतली. मुद्दाम वाईट. एकीकडे जाड थापा, एकीकडे वीट उघडी, मध्येच ओघळ. खेड्यातली बाई नवरा सोसते, सासू सोसते, पण डोळ्यांदेखत कुणी भिंत बिघडवत असेल तर ते तिला सोसत नाही. मला माहीत होतं, कारण मी त्यातलीच. मी तिच्याकडे न बघता बिघडवत राहिले.

"काय व बाई, असं सारवतंस का?" हिराबाई म्हणाली. "पातय कर. भितले भेगा पडतीन. सरक, मी करस."

आणि मला पातळ सारवायला सांगत तिनंच बादलीत हात घातला. दुपारभर ती सारवत होती. मग ओल्या भिंतीवर बोटानं एक रेघ ओढली, मग दुसरी. "आठे मन्ही चूल व्हती," ती म्हणाली. थोडं पुढे सरकून म्हणाली, "तठे मन्ही पोर जपे." इथे तिची चूल होती, तिथे तिची मुलगी झोपायची. अख्खं घर तिनं त्या भिंतीवर काढलं आणि मोठ्यानं रडली. मी काहीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनंच त्यावर नवा हात फिरवला, घर पुसलं आणि पुन्हा काढलं. हळूहळू वॉर्डातल्या इतर बायका शेडकडे यायला लागल्या. प्रत्येक नव्या बाईसाठी मी भिंत नव्यानं बिघडवायची.

मॅडमनं आधी नाक मुरडलं. "शेण? दवाखान्यात?" मग तासभर दारात उभी राहून बघत राहिली. संध्याकाळी तिनं मला केबिनमध्ये बोलावलं. "मावशी, तुम्हाला नीट सारवता येत नाही का?" मला हसू आलं. मी तिला सगळं समजावलं. या बायकांना शिकवायला गेलं की त्या गप्प होतात. पण चुकणाऱ्याला शिकवायला आपणहून पुढे येतात. आजपर्यंत त्यांना सगळ्यांनी चुकीचंच ठरवलंय. एकदा तरी कुणीतरी त्यांच्यापुढे चुकायला पाहिजे. मॅडम खाली मान घालून वहीत लिहून घेत होती. माझं बोलणं कुणीतरी लिहून घेतंय, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला होता. ते लपवत नाही.

पुढे मॅडमच्या घरी संघटनेची पहिली बैठक झाली. जळगावचे दोन डॉक्टर, एक समुपदेशक बाई आणि धुळ्याचे चित्रकलेचे एक शिक्षक. त्यांना सगळे नाना म्हणायचे. मॅडम मला म्हणाली, "तुमची ती भिंत सांगा सगळ्यांना." मी उभी राहून सांगितलं. नानांनी टाळी वाजवली. मग मॅडम म्हणाली, "आता चहा टाका, मावशी." मी चहा टाकला. कप घेऊन बाहेर आले तोवर हजेरीच्या सह्या होऊन वही मिटली होती.

नंतर संघटनेची नोंदणी झाली, घटना लिहिली गेली. सभासद व्हायला पदवी हवी असा नियम झाला. आमची भिंत धुळ्याला गेली, चोपड्याला गेली, पहूरच्या शिबिरात गेली. सगळीकडे सारवायला मी आणि बोलायला मॅडम. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, ते मला दिसत होतं. तरी मी मनातसुद्धा तसं म्हटलं नाही. काम होतंय ना, बायका बोलत्या होताहेत ना, असं म्हणून स्वतःची समजूत घालायची.

तर त्या एसी हॉलमध्ये मी मागच्या रांगेत बसले. मॅडम आता अध्यक्ष होती. संघटनेचा इतिहास लिहून झाला होता, त्याचं पुस्तक निघणार होतं आणि त्यातली काही पानं ती स्टेजवरून वाचत होती. मी कानात प्राण आणून ऐकत होते. खोटं कशाला बोलू, मला माझं नाव ऐकायचं होतं.

"एके दिवशी आमच्या एका मदतनीस मावशींच्या हातून शेणाची बादली भिंतीवर सांडली," मॅडम वाचत होती. "ते बघून एक अबोल रुग्णा पुढे आली आणि भिंत सारखी करू लागली. त्या क्षणी मला खानदेशातल्या कलोपचाराची दिशा सापडली."

टाळ्या.

भिंतीवर बादली सांडते कशी, हे त्या शिकलेल्या हॉलमध्ये एकालाही विचारावंसं वाटलं नाही. पाड्यावरच्या बाईच्या हातून काहीही सांडू शकतं. तिच्या डोक्यातून काही निघू शकत नाही. 

मॅडमनं पान मिटलं आणि हसून मागच्या रांगेकडे बघितलं. "त्या मावशी आज इथे आहेत. या मावशी, वर या. सगळ्यांना एकदा सांडून दाखवा!"

हॉल हसला. प्रेमानं हसला, ते जास्त लागलं. स्टेजवर एक पांढरा फळा उभा केलेला, पुढे बादली, खाली प्लास्टिक अंथरलेलं. कोपऱ्यात कॅमेरा घेतलेला माणूस. सगळी तयारी होती, फक्त मला विचारलेलं नव्हतं.

मी वर गेले. बादलीला हात लावला नाही, माईक उचलला.

"शेण सांडलं नव्हतं," मी म्हणाले. "मी मुद्दाम वाईट सारवलं होतं. का, ते मी मॅडमना केबिनमध्ये सांगितलं होतं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. ती वही त्यांच्याकडे आहे. हे पान खोटं आहे. मी काही दाखवणार नाही."

एवढंच. कुणीतरी माईक बंद केला. मॅडम जवळ आली, माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाली, "मावशी, तुम्हाला बरं वाटत नाहीये."

आमच्या दवाखान्यात बाई खरं बोलायला लागली, आवाज चढवायला लागली की तिला हेच म्हणतात. मला ते वाक्य पाठ होतं. मी स्वतः वॉर्डात ते कितीदा म्हटलंय. त्याची लाज मला तिथे, त्या स्टेजवर, पहिल्यांदा वाटली. मी तिचा हात खांद्यावरून काढला आणि सरळ दाराबाहेर पडले.

सोमवारी दवाखान्यात कामावर गेले तर मॅडमच्या केबिनमध्ये कागद तयार होता. 'मी तणावाखाली होते, माझ्या बोलण्याबद्दल दिलगीर आहे.' मॅडम म्हणाली, "सही येते ना तुम्हाला? मग करा." मी हात मागे घेतला. हिराबाईनं घेतला होता तसा. मला कळलं की तिला वेड नव्हतं, तिला अक्कल होती.

"नोकरीचा विचार करा, मावशी."

"माझं नाव मावशी नाही," मी म्हणाले.

दुपारी वॉर्डाच्या किल्ल्या दिल्या. आता मी परत चोपड्याकडे केळीच्या बागेत मजुरीला जाते. नानांचा फोन आला होता. "तू खरं बोलनी, बहीन. मी व्हतू ना तठे. पन सभामा मी काही बोलाव नई. कशाला हात दाखवून अवलक्षण?" पुस्तक मंजूर करायच्या सभेत ते माझ्या बाजूनं बोलणार नव्हते. मी म्हटलं, "नाना, तुमची अडचण कळते. पण मग मला फोन तरी कशाला केला?" मग मी फोन ठेवला.

मला सगळ्यात जास्त खातं ते वेगळंच. वॉर्डात पहूरची जनाबाई होती. मी निघायच्या आदल्याच आठवड्यात तिनं पहिल्यांदा भिंतीला हात लावला होता. तिथली एक आया सांगत होती की आता नवी बाई पुस्तकात वाचून सारवते. बादली भिंतीवर ओतते आणि वाट बघत बसते. जनाबाई ते शेण खाली ओघळताना बघते आणि हात पदराखाली घेते. मी चिडले त्याची किंमत जनाबाईनं का द्यावी?

पण एक मला आता स्वच्छ दिसतं. हे नुसतं माझ्या मानापमानाचं नाही. त्या पुस्तकात बादली सांडली असं छापलं, तर उद्या धुळे-जळगावातल्या प्रत्येक वॉर्डात शिकलेल्या पोरी बादल्या सांडत बसतील आणि बायका गप्पच राहतील. खोटा इतिहास लिहिला की उपचारच खोटा होतो.

पुस्तक छापण्याआधी सर्वसाधारण सभेत मंजूर व्हायचं आहे. मी लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. सभासद नाही म्हणून आत सोडणार नाहीत, तर दारात उभी राहीन. येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगेन. या सभेत नाही जमलं तर पुढच्या सभेला, तिथे नाही तर त्याच्या पुढच्या. मला शाल नको, नारळ नको, स्टेजवर खुर्ची नको. ते वाक्य खोडा, आणि ते कुणी केलं, काय विचार करून केलं, ते लिहा.

माझं नाव मी इथे मुद्दाम लिहिलेलं नाही. ते मी त्यांच्या पुस्तकात, त्यांच्याच हातानं लिहून घेणार आहे.