खोट्या चांदीनंतरची सुलूआत्या

माझी आत्या मूर्ख नव्हती.

हे आधीच सांगून टाकते. कारण तिच्या तेराव्याला एक पाहुणे जिलेबी खाता खाता म्हणाले, "हुशार बाई हो, पण शेवटी ऑनलाइन फसलीच ना. बिचारी."

बाबा समोर बसले होते, डोळे सुजलेले. म्हणून मी काही बोलले नाही.

आज आत्याला जाऊन वर्ष झालं. आज बोलणार.

सुलूआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. म्युनिसिपल हॉस्पिटलात नर्स होती. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर मुलुंडच्या वन रूम किचनमध्ये एकटी राहायची, एकदम मजेत. दर दिवाळीला स्वतःसाठी सोन्याचं एक छोटं नाणं घ्यायची.

"दागिना का नाही घेत गं?"

"मजुरी मी कशाला भरू? माका मिरवचा नाय, साठवचा आसा." तिची मालवणी अशी मधेच उसळायची.

मग गुडघे गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाजार सुटला आणि सगळं फोनवर सुरू झालं. आधी भाजी, मग औषधं, मग एक दिवस चांदी. झकास जाहिरात, बाजारापेक्षा बराच कमी दर, ऑफर आजच्यापुरती, पैसे आधी.

पार्सल आलं. चकचकीत बिस्किट.

आत्याने फ्रिजवरचं मॅग्नेट काढलं आणि त्याला लावून पाहिलं.

चिकटलं.

खरी चांदी असती तर चिकटलंच नसतं.

बाबा म्हणाले, "ताई, झालं ते झालं. कुणाला सांगू नकोस. लोक हसतील."

"हसूदेत. चोरी त्याने केली, तोंड मी कशाला लपवू?"

लगेच सायबर हेल्पलाइनला फोन, बँकेला फोन. आणि मॅग्नेटचा व्हिडिओ थेट सोसायटीच्या ग्रुपवर, स्वतःच्या चेहऱ्यासकट!

दुसऱ्या दिवशी मला बोरिवलीहून बोलावून घेतलं. "रिक्षा बघ. अंधेरीला जायचंय." चांदीच्या जाहिरातीच्या पेजवर अंधेरीचा पत्ता होता. प्रत्येक मजल्यावर बसत बसत ती जिना उतरली.

पत्त्यावर निघाला दातांचा दवाखाना.

रिसेप्शनवरची मुलगी वैतागलेली. "चांदीवाले ना? इथे नाहीत हो ते. आमचा पत्ता असाच टाकलाय. रोज कुणीतरी येतं."

सोफ्यावर एक माणूस मान खाली घालून बसला होता. बहिणीच्या लग्नासाठी घेतलेली चांदी. घरी सांगायची हिंमत होत नव्हती.

आत्या त्याच्या शेजारी टेकली. "मान वर कर रे. तू काय चोर आहेस? चल, दोघं मिळून पोलिसांत जाऊ."

पोलीस स्टेशनात साहेब म्हणाले, "आजी, या वयात हे ऑनलाइन कशाला?"

"ते मी ठरवीन. तुम्ही तक्रार लिहा."

लिहिली.

पैसे परत आले का? थोडे आले, बँकेने वेळेत अडवलेले तेवढे. बाकीचे गेले. पण तिचा व्हिडिओ पाहून आणखी लोक तक्रार करायला पुढे आले आणि ते पेज बंद पडलं.

मग घरातले सगळे तिच्या मागे लागले. फोनमधून पेमेंटचं ॲप काढ. आता ऑनलाइन बंद.

"मला एकदा पगारात फाटकी नोट आली होती. म्हणून मी पगार घ्यायची थांबले नव्हते."

पुढच्या दिवाळीला तिने स्पीकर ऑन करून एकेका डीलरला फोन लावले. मी शेजारी बसून ऐकत होते.

"दुकान कुठे आहे तुमचं? भाचीला बघायला पाठवते."

"मॅडम, आमचं सगळं ऑनलाइनच असतं..."

कट.

"मॅडम, हा रेट फक्त आजचा. उद्या मिळणार नाही."

"नको मग." कट.

तिसरा घाटकोपरचा. त्याला तिने उलटाच प्रश्न टाकला. "हेच नाणं उद्या विकायला आणलं तर किती कापणार?"

त्याने सरळ सांगितलं, एवढं कापतो. दर त्या दिवशीचा. पक्कं बिल देतो, नाण्यावर हॉलमार्क असतो, कुठेही तपासून घ्या. आणि बाजारापेक्षा स्वस्त देणार नाही, परवडत नाही.

"हा बरा वाटतो," आत्या म्हणाली. "परवडत नाही म्हणाला."

मी जाऊन दुकान पाहून आले. तरी तिने आधी सगळ्यात लहान नाणंच मागवलं. पार्सल उघडताना मला शूटिंग करायला लावलं. "हसू नको गो, कॅमेरा हलता." मग ते नाणं हॉलमार्किंग सेंटरमध्ये नेऊन तपासून घेतलं. शुद्ध निघालं, वजनही बरोबर. त्यानंतरच पुढची खरेदी.

बिल्डिंगमधल्या बायका सोनं घेण्याआधी तिच्याकडे यायला लागल्या. आधी हसलेल्यासुद्धा.

तेराव्याला त्याच पाहुण्यांनी आणखी एक विचारलं होतं. हळूच. "तिचं सोनं कुठे असतं?"

काका, सोनं नाहीये. तिने ते जिवंतपणीच विकलं. त्याच डीलरला. फोनवर सांगितलं होतं तेवढंच त्याने कापलं आणि बाकीचे पैसे संध्याकाळच्या आत खात्यात जमा केले. त्या पैशांतून तिने दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. तेव्हाही सगळे म्हणत होते, या वयात कशाला.

त्यानंतर ती तिसरा मजला रोज चढली. रोज उतरली.

जायच्या थोडे दिवस आधी आम्ही दोघी वर्सोव्याहून फेरीबोटीने मढला गेलो होतो. उतरताना बोटवाल्याने हात पुढे केला. "आजी, सांभाळून."

"बाजूला हो रे. माझी मी उतरते."

आणि उतरली.

सुलूआत्या, तुझी खूप आठवण येते गं. जिथे असशील तिथे अशीच ताठ राहा.

तुला माझा नमस्कार.