कुलपाची पेटी, उघडी पेटी आणि गोव्याची बोट

आणि वर तोंड करून मलाच विचारतात, "कुलूप तोडायला तुम्हाला सांगितलं कुणी?" नगरच्या माळीवाडा स्टँडजवळ बसणारे हे विम्याचे पोपटराव. बोटीला जायच्या आधी हाच माणूस मला काकू काकू करून चहा पाजत होता. "घर सोडल्यापासून घरी येईपर्यंत सामानाची काळजी आमची, काकू." आता पेटी वाकडी, कडी तुटलेली, ती डोक्यावर घेऊन मी समोर उभी, तर म्हणतात नियमात बसत नाही. नियमात बसत नाही तर चहा कशात बसत होता?

पण पहिल्यापासून सांगते. आपल्या महिला मंडळातल्या बऱ्याच जणींच्या मनात गोव्याची बोट भरली आहे, म्हणून हे आपल्या हस्तलिखित अंकात लिहिते. माझी शाळा तिसरीपर्यंत. शुद्धलेखन बाईंनी तपासावं, मजकुराला हात लावू नये.

आमची सुमन जावयासंगं गोव्यात असते. जावई तिथं गोदीत कामाला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला प्रवास करू दिला नाही. मुलगा झाला. दोन्ही आज्या आल्याशिवाय बारसं करायचं नाही, असं जावयांनी कळवलं. आता बारशाला बाळाचे वाळे, कुंची, झबली हे सगळं आईच्या आईनं आणायचं. ते कमी पडलं तर जन्मभर ऐकावं लागतं, आणि ऐकवायला माझ्यासोबत खुद्द विहीणबाई येणार होत्या. शिंगणापूरच्या. लग्नात मानाच्या लुगड्यावरून आमचं जे झालं होतं ते सगळ्या श्रीगोंद्याला ठाऊक आहे.

ऊस कारखान्याला जाऊन बिल आलं होतं, तेव्हा खर्चाचं काही नव्हतं. पण पाकिस्तानची लढाई नुकतीच संपलेली. मालकांनी समुद्राचं काय काय ऐकलेलं. म्हणाले, "विमा काढल्याबिगर बोटीत पाय ठेवायचा न्हाई." म्हणून सकाळच्या एसटीनं नगर गाठलं. विहीणबाई शिंगणापूरहून घोडेगावमार्गे येऊन स्टँडवर बसल्याच होत्या, मांडीशी पत्र्याची पेटी.

पोपटरावांनी तीन कागद पुढं मांडले. पहिला जिवाचा, म्हणजे अपघातात जीव गेला नाहीतर हातपाय गेला तर. दुसऱ्यात जीव आणि सामान. तिसऱ्यात दवाखानाही. बायांनो, कागदावर अंगठा किंवा सही करायच्या आधी भरपूर विचारून घ्या. लाजू नका, चहा त्यांचाच असतो.

मी विचारलं, "बोट लागून आतडी वर आली तर?"

"ते दवाखान्यात धरत नाहीत, काकू."

"मंग दवाखान्याचं राहू द्या. आन् बुडाले तर पैसं कुनाला?"

"वारसाला. म्हणजे काकांना."

"मी बुडायचं आन् पैसं त्यांनी घ्यायचं. मंग हप्ता त्यांच्याकडूनच घ्या."

मी दुसरा कागद घेतला. वाळे चांदीचे, सामानाला विमा हवाच. विहीणबाई म्हणाल्या, "मला बी ह्येच द्या." पोपटरावांनी त्यांची पेटी पाहिली. "आजी, हिला कुलूप लावा. बिनकुलपाच्या सामानाला विमा मिळत नाही."

"कुलूप आमी लावत न्हाई."

"निदान प्रवासापुरतं?"

"घराला दार न्हाई आमच्या, बाबा. पेटीला कुलूप लावून देवाला काय सांगू, गोव्याला गेल्ते म्हून तुझ्यावरचा भरवसा उडाला?"

मी म्हटलं, "इहीनबाई, देव शिंगनापुरात. बोटीवर मुंबईची मानसं असत्यात."

"तुमी लावा की. मी कुठं नको म्हन्ते?" त्या हसून म्हणाल्या. "आमचा विमावाला चौथऱ्यावर उघड्यात उभा हाय. त्याला कागूद लागत न्हाई."

मला राग आला. मी तिथंच शेजारच्या दुकानातून माझ्या पेटीला पितळी कुलूप घेतलं, सगळ्यात जाड. किल्ली पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

पुण्यापर्यंत एसटी, तिथून मुंबईला रेल्वे. भाऊच्या धक्क्यावर सकाळी लवकर जा. डेकचं तिकीट स्वस्त, केबिनच्या भानगडीत पडू नका, केबिनमधून दिसतं काय, भिंत. पण वर चढताच चटई अंथरून जागा धरावी लागते, नाहीतर पाय दुमडून गोवा गाठाल. चटई घरून न्या. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी न्या. बोटीवर भात-माशाचं ताट मिळतं, पण माळकऱ्यांनी त्या वासाची तयारी ठेवावी.

भोंगा झाला आणि मुंबई मागं सरकायला लागली. एवढं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्याकडं कॅनॉलला पाण्याची पाळी आली तरी बांधावर माणसं पळतात. इथं पाणीच पाणी, आणि भांडण एकाचंही नाही.

पण मला ते नीट बघताच येईना. मी पेटीवर बसून. उठले की वाटायचं, गेली. विहीणबाईंनी मात्र आल्या आल्या आजूबाजूच्या सगळ्या चटयांना सांगून टाकलं, "ह्या पेटीला कुलूप न्हाई बरं का. ध्यान असू द्या." आणि गेल्या कठड्याशी.

शेजारी वेंगुर्ल्याची एक बाई होती. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "गो बाये, ह्यां काय केलंस? चोराक आवतणच धाडलंस मगो." पण तेव्हापासून तिचा एक पाय त्या पेटीवर. पलीकडचे पेन्शनीतले मास्तर चहाला गेले तर बायकोला बजावून गेले, पेटी बघ. माझ्या पेटीकडं कुणी ढुंकून पाहत नव्हतं. तिला कुलूप होतं, तिची काळजी मी एकटीनं करायची.

रत्नागिरीच्या अलीकडं विहीणबाई ओरडत आल्या, "इहीनबाई, मासं उड्या मारत्यात. म्हशीएवढं. उठा."

"पेटी?"

"पेटीला पाय फुटत न्हाईत. चला."

हाताला धरून ओढतच नेलं त्यांनी. आणि खरंच, काळे तुकतुकीत मासे पाण्यातून वर यायचे, वळायचे, परत आत. बोटीशी शर्यत लावल्यासारखे. मी लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात बोट एका अंगाला गेली, पोट दुसऱ्या अंगाला. मी कठड्यावर वाकले. पदर वाऱ्यावर. सकाळचा ठेचा समुद्राला गेला, आणि त्याच्या मागोमाग गाठ सुटून किल्ली.

मी तिथंच खाली बसले. उद्या बारसं. वाळे कुलपात. जावयाच्या घरी, त्याच्या आईसमोर, मी बंद पेटी घेऊन पाळण्याशी उभी राहणार. वेंगुर्ल्याच्या बाईनं सोलकढी पाजली. पोट थांबलं, जीव थांबेना.

विहीणबाई शेजारी टेकल्या. हळूच म्हणाल्या, "माझ्या पेटीत वाळं हाईत. मी बी आनलेत, आजी म्हून. तुमी आनले म्हून घाला त्याच्या पायात. मी बोलायची न्हाई."

लग्नातल्या लुगड्याचं मी त्याच क्षणी विसरले. तरी म्हटलं, "न्हाई. माझ्या नातवाला माझंच घालीन."

"मंग चला, बघू गेल्यावर."

सकाळी पणजीला उतरलो. खाडी, नारळी, लाल कौलं. जावई न्यायला आले होते. विहीणबाईंची पेटी वेंगुर्ल्यात उतरून जाणाऱ्या त्या बाईनं मास्तरांच्या हवाली केली होती, आणि मास्तरांनी ती धक्क्यावर आणून हातात दिली. आतला एक दोरासुद्धा हलला नव्हता.

घरी सुमननं नातू मांडीवर दिला. नाक आमचं, रंग त्यांचा. जावई कुलूपवाला शोधायला निघाले, तर विहीणबाईंनी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला.

मी म्हटलं, "अवो, तुमचा नेम."

"कुलूप लावायचं न्हाई असा नेम हाय. तोडायचं न्हाई असा कुटं हाय?"

दुसऱ्याच घावाला कुलूप शाबूत राहिलं आणि कडी पत्र्यासकट उपटून आली. झाकण वाकलं. पण वाळे निघाले. दुपारी पाळण्यात माझे वाळे उजव्या पायात, त्यांचे डाव्या पायात. पोरगं पाय झाडत होतं आणि दोन्ही वाजत होते. मानपानावरून चकार शब्द निघाला नाही. गोव्यात असेतो आम्ही दोघी रोज संध्याकाळी समुद्रावर जाऊन पाण्यात पाय घालून बसत होतो, आणि येतानाही बोटीनंच आलो.

आता ती पेटी माझ्या माजघरात आहे, कडीशिवाय. मी नवी बसवली नाही. त्यात नातवाची पहिली झबली ठेवली आहेत. येताजाता हाताला लागतात.

पण पोपटराव, तुम्ही सुटला नाहीत. हा अंक तुम्हाला पोचेल असं मी बघते आहे. किल्ली मी फेकली नाही, ती समुद्रात गेली. कुलूप लावा हे तुम्हीच सांगितलं. लावलं नसतं तर पेटी आज धड असती, समोर पुरावा आहे, विहीणबाईंची पेटी. मग किल्ली बुडणं हा अपघात आहे की नाही, एवढंच सांगा. आणि ते शनिवारच्या आत सांगा. शनिवारी मी वाकडी पेटी घेऊन परत नगरला येते. विहीणबाईही यायच्या आहेत, आणि शनिवार कुणाचा असतो ते त्या तुम्हाला समजावून सांगतील.