गुरुजी गादीवर बसले तेव्हा

आमच्या गिरगावच्या चाळीत पूजा सांगायला येणारे गुरुजी पूजेइतकाच इतिहासही सांगतात. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे सत्यनारायण होता. आरती व्हायची होती, प्रसादाचा शिरा निवत चालला होता आणि गुरुजी एकदम दक्षिणेत पोचले.

"ताई, कदंबांचं राजघराणं कोणी स्थापन केलं ठाऊक आहे? वेद शिकलेल्या एका ब्राह्मणानं. पुढचं शिकायला कांचीला गेला होता. तिथे एका घोडेस्वारानं अपमान केला. यानं समिधा खाली ठेवल्या, तलवार उचलली आणि राजा झाला! शिलालेखात आहे."

मी विमा कंपनीत नोकरी करते आणि चाळीच्या गणपतीत दरवर्षी नाटक बसवते. विषय तिथल्या तिथे ठरला. राजाचं काम कोण करणार, हाही प्रश्न नव्हता, कारण संस्कृत न अडखळता बोलणारा माणूस आमच्या ओळखीत एकच. गुरुजी आधी "छे छे" म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीची वेळ विचारायला त्यांचाच फोन आला.

तालमीत पंचाईत झाली. घोडेस्वार म्हणून दुसऱ्या मजल्यावरचा जिम ट्रेनर घेतला होता. कमरेला पुठ्ठ्याचा घोडा अडकवून तो ओरडायचा, "चल, बाजूला हो, पोथीवाल्या!" त्यावर गुरुजी खरोखरच बाजूला व्हायचे.

"गुरुजी, इथे तुम्हाला राग येतो," मी म्हणाले.

"नाही हो येत, ताई. तीस वर्षं लोकांच्या घरी जातोय. कोणी मोबाइलवर बोलत हळदकुंकू वाहतं, कोणी म्हणतं जरा शॉर्टकटमध्ये आटपा. माझा राग कधीच संपलाय."

ते हसत म्हणाले, पण मलाच ओशाळल्यासारखं झालं. आमच्याकडेही आदल्या वर्षीच्या पूजेत कोणीतरी असंच म्हटलं होतं. बहुतेक मीच.

प्रयोगाच्या दिवशी चौक गच्च भरला. पहिल्या रांगेत गुरुजींची बायको बसली होती. घोडेस्वार आला, टाळ्या पडल्या आणि ट्रेनर चेकाळला. गुरुजींना चिडवायला म्हणून तो संहितेत नसलेला गणपतीचा श्लोक म्हणू लागला आणि त्यात 'समप्रभ'चं त्यानं 'समभ्रम' केलं.

गुरुजी गर्रकन वळले. "काय म्हणालास? परत म्हण."

"सॉरी, गुरुजी."

"सॉरी काय? सम-प्रभ! म्हण!"

गुरुजींनी तलवार उचलली होती. ट्रेनर घोड्यासकट मागे सरकत गेला, घोड्याची मान विंगेत अडकून तुटली, तरी तो "समप्रभ, समप्रभ" म्हणतच होता. प्रेक्षक उभे राहून शिट्ट्या मारत होते. एवढा चांगला प्रवेश मला लिहिता आला नसता.

मग राज्याभिषेक. राजपुरोहित झालेले पहिल्या मजल्यावरचे काका मोबाइलवर बघून मंत्र वाचत होते. दोन ओळी झाल्या आणि त्यांना मुलीचा फोन आला. आणि त्यांनी तो घेतला.

"थांबा," गुरुजी सिंहासनावरून म्हणाले. उठले, काकांच्या हातातला कलश घेतला आणि स्वतःचा राज्याभिषेक स्वतःच सुरू केला. सवयीनं यजमानाला गोत्र विचारलं, उत्तरही स्वतःच दिलं. पडदा ओढणाऱ्याला मी खूण केली, तर तो हात जोडून उभा. सगळा चौकच हात जोडून उभा होता. वीस मिनिटं एकही मोबाइल वाजला नाही. काकांचासुद्धा.

शेवटी गुरुजींनी मुकुट उचलून डोक्यावर ठेवला आणि ताठ बसले. इतकी वर्षं मी त्यांना पाटावर वाकून बसलेलंच पाहिलं होतं. त्यांची बायको डोळे पुसत होती आणि शेजारणीला सांगत होती, "घरी यांना चहा मागायलासुद्धा संकोच वाटतो हो."

दुसऱ्या दिवशी दुपारी गुरुजींचा फोन आला. परळला वास्तुशांतीला गेले होते. डोळ्यांतलं काजळ नीट निघालं नव्हतं, म्हणून यजमानांनी चौकशी केली आणि यांनी अख्खं नाटक तोंडी ऐकवलं.

"ताई, त्यांच्या सोसायटीत दिवाळीला प्रयोग हवाय. मी हो म्हणून टाकलंय."

"अहो गुरुजी, मला विचारायचं तरी!"

गुरुजी ठाम आवाजात म्हणाले, "राजा मी आहे ना?"