तवर घर कोण बघत हुतं?

लक्ष्मीपुरीत घराला लागूनच मिरची-मसाल्याचं दुकान चालवणाऱ्या रत्नव्वाला पुस्तकांचा तसा काही नाद नव्हता. नाद होता तो तिच्या नवऱ्याला, रुद्राप्पाला. तो गेला त्या साली, चौऱ्याण्णवात, वाचनालयातून आणलेलं त्याचं शेवटचं पुस्तक घरातच राहिलं. गेलेल्या माणसाच्या नावावर दुसऱ्याची वस्तू कशाला ठेवायची, म्हणून एका शनिवारी संध्याकाळी ती परत द्यायला गेली. खाली कुणीच नव्हतं, सगळे वरच्या सभागृहात. तिथं जुन्या विहिरींवर पुस्तक लिहिलेला एक लेखक बोलत होता. रत्नव्वा मागच्या खुर्चीवर टेकली आणि पंखा बरा होता म्हणून बसून राहिली.

भाषण संपलं. अध्यक्ष म्हणाले, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. झालं, सगळी सभा चिडीचूप. कुणी छताकडं बघतंय, कुणी पायानं चपला चाचपतंय. लेखक बिचारा पाण्याचा पेला हातात धरून उभा. आता दारात आलेल्या पावण्याला चहा विचारल्याशिवाय न सोडणारं हे गाव, आणि तासभर घसा कोरडा केलेल्या माणसाला कुणी साधं व्हय-न्हाय म्हणेना. रत्नव्वाला ते बघवेना. ती उठली.

"पावणं, तुम्ही एवढं गावोगाव फिरला. तवर घर कोण बघत हुतं?"

सभा हसली. लेखकही हसला, मग खुर्ची ओढून बसला. बायको शाळेत शिकवायची, घर तिच्या पगारावर चालायचं, पोरांची आजारपणं तिनं काढली, एका विहिरीत उतरताना दोरसुद्धा तिनंच धरला होता. भाषणात नव्हतं ते सगळं बाहेर आलं. सभा संपली तरी लोक उठेनात.

तेव्हापासून रत्नव्वाचा शनिवार वाचनालयाचा. लेखक गडांवरचा असो, सापांवरचा असो नाहीतर साखर कारखान्यांवरचा, पहिला प्रश्न तिचा आणि प्रश्न तोच. बाई दुसरं काही विचारायचीच नाही. कुणी गडबडायचं, कुणी डोळे पुसायचं. एकजण तर म्हणाला, घरी गेल्यावर विचारून सांगतो. लोक तिला आक्का म्हणू लागले. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची तिची ठरली. नवरा गेल्यावर खचलेल्या बाईला त्या खुर्चीनं उभं केलं, हे ती गिऱ्हाइकांनासुद्धा उघड सांगायची.

पण सगळे दिवस सारखे नसतात. दोन हजार तीनमध्ये धरणांवर जाडजूड पुस्तक लिहिलेले एक निवृत्त साहेब आले. आक्कांचा प्रश्न ऐकून त्यांचं तोंड आंबट झालं. "विषयाला धरून विचारा बाई," म्हणाले, आणि पोह्यांना हात न लावता निघून गेले. दुसऱ्याच दिवशी वाचनालयाचा नवा सेक्रेटरी सम्राट दुकानात आला. पोरगा वाईट नव्हता, पण साहेबाच्या रागानं पार भेदरला होता.

"आक्का, कार्यक्रमाला या की. फक्त प्रश्न तेवढा नको."

"तोंड शिवून येऊ व्हय रं?" रत्नव्वा म्हणाली, आणि मिरची निवडत बसली. ती गेलीच नाही. तो शनिवार गेला, पुढचाही गेला. तोंडानं म्हणायची, माझं काय अडलंय? पण आतून तिला फार लागलं होतं. गिऱ्हाईक धने मागायचं, ही जिरं तोलायची, आणि वर गिऱ्हाइकावरच खेकसायची.

सून सुष्मिता हे सगळं बघत होती. एका दुपारी मसाला भरता भरता ती म्हणाली, "अत्ती, एक विचारू?" त्यांच्याकडं सासूला अत्ती म्हणतात. "इतकी वर्षं शनिवारी तुम्ही तिकडं जाताय. तवर घर कोण बघतंय?"

रत्नव्वाचा हात थांबला. आधी तिला राग आला. काल आलेली पोर, आणि माझंच माप माझ्या पदरात घालती!

"का गं? जड झालं तुला?"

"जड न्हाय. पण तुम्ही येऊन सांगता ते निम्मंच कळतं. मलाबी ऐकायचं असतं की."

रत्नव्वाला खरंच लाज वाटली. जगाला विचारत सुटली आणि स्वतःच्या चुलीपुढं उभ्या असलेल्या पोरीला कधी विचारलं नाही. तिनं हातातला मसाल्याचा डबा बाजूला ठेवला. मग म्हणाली, "ह्या शनवारी तू जा. घर मी बघतो."

शनिवारी सुष्मिता नवी साडी नेसून गेली. रत्नव्वानं भाकरी थापल्या, नातवाला जेवू घातलं, दुकान सांभाळलं, आणि सारखी रस्त्याकडं बघत राहिली. पोरीला तिथं कुणी टाकून बोललं तर? आपल्या पायी तिला कमीपणा आला तर?

दिवेलागणीला सुष्मिता आली, आणि मागोमाग सम्राट. तो दारातच घुटमळला.

"काय झालं?" रत्नव्वानं विचारलं.

"रानातल्या मधमाश्यांवर लिहिणाऱ्या बाई होत्या," सुष्मिता सांगू लागली. "भाषण संपलं, आन् कुणी बोलंचना. सगळे आपले तुमच्या खुर्चीकडं बघत्यात. मग मीच उठले आणि तुमचा प्रश्न विचारला. बाई म्हणाल्या, माझ्या जावंनं बघितलं, पुस्तकात तिचं नाव घालायचं राहिलं. मग मलाच विचारलं, आत्ता तुमचं घर कोण बघतंय?"

"मग?"

"म्हटलं, आमच्या अत्ती. इथं पहिला प्रश्न ज्या विचारायच्या, त्याच."

"टाळ्या थांबंनात, आक्का," सम्राट खाली बघत म्हणाला. "माझं चुकलं. पुढच्या शनिवारी या, आणि प्रश्नासकट या."

रत्नव्वानं पदरानं डोळे पुसले. तिखटाच्या दुकानात त्याचं कुणाला काही वाटत नाही.

"येतो. पर दोन खुर्च्या ठेव. ही बी येनार."

"ठेवतो की. पण मग घर कोण बघणार?"

आत गल्ल्यापाशी रत्नव्वाचा लेक शिवशरण पोत्याला टेकून निवांत पेपर वाचत बसला होता. रत्नव्वानं त्याच्याकडं बोट केलं. "ह्यो हाय की."

शिवशरणनं मान वर केली. तिघं आपल्याकडं बघून का हसताहेत, हे त्याला शनिवारी कळलं.