चैतीचा बा

माझं दुकान जव्हारला, एसटी डेपोपासून हाकेच्या अंतरावर. पाटीवर फोटो स्टुडिओ असं लिहिलंय, पण फोटो काढून पोट भरायचे दिवस कधीच गेले. आता झेरॉक्स, दाखल्यांचे अर्ज, परीक्षेचे फॉर्म आणि लोकांची डोकेदुखी, असं सगळं मिळून दुकान चालतं. लोक मला भांडखोर म्हणतात. असेन. हातातला कागद न वाचता 'याचं काय करायचं?' असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. रंजनावर मात्र मला कधी चिडता आलं नाही, आणि तिच्या कामाने दिला तेवढा त्रास दुसऱ्या कुठल्या कामाने दिला नाही.

रंजना मूळची सूर्यमाळची. उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरून पुन्हा चढणाऱ्या पोरींपैकी एक. त्यामुळे दुकानात आली की आधी माझा माठ उघडून बघणार. रिकामा दिसला की सुरू: "मंगेशदादा, एवढा मोठा मशीन ठेवलास, न् माणसाला प्यायला पाणी नाय?" मग स्वतःच जाऊन भरून आणणार. हसायची खूप. लावणीच्या दिवसांत आमच्या साखरशेत पाड्याच्या खाचरात बायका वाकून भात लावत असल्या, की हसण्याचा आवाज आला तिथे रंजना आहे हे लांबून कळायचं.

साखरशेतला ती आली हरेशच्या घरी. हरेश माझ्याच भावकीतला. शिकायला हुशार, नाशिकला नर्सिंग करून तिथल्याच एका दवाखान्यात लागला होता. आता 'घरी आली' म्हणजे काय, ते नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच अडलं. आमच्या पाड्यांवर मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडले आणि घरच्यांनी मान डोलावली, की मुलगी नांदायला येते. लग्नाचा मांडव नंतर. धान्य जमलं, पाहुण्यांना जेवू घालण्याइतकी ऐपत आली, की मग लग्न लावणाऱ्या धवलेरीला बोलवायचं आणि तिची गाणी म्हणायची. तोवर वर्षं जातात. पोरं होतात. आईबापाच्या लग्नात पोरं नाचतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. बायकोला बायको म्हणायला आमच्याकडे कुणी मांडवाची वाट बघत नाही. पण 'तुझं लगीन झालं का?' असं विचारलं, तर तोच माणूस सरळ 'नाही' म्हणणार, आणि तेही खरंच असणार.

चैत्रात त्यांना मुलगी झाली, म्हणून तिचं नाव चैती. रंजना तेव्हापासून नवऱ्याला 'चैतीचा बा' म्हणायला लागली. तोंडाने त्याचं नाव ती आधीही घेत नसे, पण आता तिला हाक मारायला हक्काचं काहीतरी मिळालं. चैती चालायला लागल्यावर दोघं तिला घेऊन माझ्याकडे आली होती. हरेशच्या कडेवर चैती, शेजारी रंजना. चैती कॅमेऱ्याकडे बघायलाच तयार नव्हती, बापाच्या शर्टाचं बटण उपटण्यात दंग. तसाच काढला मी फोटो.

त्याच वर्षी पावसाळ्यात चैती गेली. छातीत कफ झाला होता. रस्त्यावर दरड आलेली, गाडी मिळेना. रंजनाची सासू सुकी आणि रंजना तिला आळीपाळीने उचलून चिखलातून चालत निघाल्या, पण दवाखान्यापर्यंत पोर राहिली नाही. हरेश नाशिकला ड्युटीवर होता. तो पोचला तेव्हा बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली तिच्यावर माती टाकून झाली होती. त्याने लेकीला शेवटचं पाहिलंच नाही. मला वाटतं, त्यानंतर तो साखरशेतात मनाने कधी परत आला नाही.

पुढे तो कॅनडाला गेला. तिथे म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात कामाला लागला आणि काही वर्षांनी कायमचं राहायचा कागद त्याला मिळाला. एका हिवाळ्यात तो गावी आला, तेव्हा मांडव पडला. गंगी धवलेरीने गाणी म्हटली, फोटो मी काढले. नवरा-नवरी दोघंही पोलिसांनी पकडून आणल्यासारखी ताठ उभी. लग्नानंतर हरेश म्हणाला, "आता हिला तिकडे नेतो." त्या दिवसापासून रंजनाने दुकानात आलं की विचारायला सुरुवात केली. तिकडे भात पिकतं का? विहीर असते का घराला? आणि चैतीचा बा सकाळी कामावर जातो, तेव्हा त्याच्या पोटाला कोण करून घालतं?

हरेशने व्हिसाची कामं बघणारा ठाण्याचा एक सल्लागार धरला. त्याने यादी पाठवली: नातं खरं असल्याचे पुरावे द्या. मी ती रंजनाला वाचून दाखवली आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. फिरायला गेल्याचे फोटो. वाढदिवसाचे फोटो. एकमेकांना दिलेल्या भेटवस्तू. प्रेमाचे मेसेज. साखरशेतात! या दोघांचे फोनवरचे मेसेज म्हणजे सुकीच्या खोकल्याचा आवाज आणि 'गाय व्याली' एवढंच. रंजना म्हणाली, "दादा, त्यांना सांग, मी त्याच्या आईला सांभाळते. हा नाय चालणार?"

"चालेल की. पण त्याचा फोटो पाहिजे," मी म्हणालो.

मग आम्ही मागे लागलो. मी तर हट्टालाच पेटलो होतो. समुद्रापलीकडचा कोण तो साहेब, आमच्या रंजनाचा नवरा खरा की खोटा हे ठरवणार, तर त्याच्या टेबलावर असा गठ्ठा आपटू की त्याची बोलती बंद. बाळंतपणाच्या वेळचं आरोग्य केंद्राचं कार्ड काढलं, त्यावर दोघांची नावं. चैतीच्या जन्माचा दाखला आणला. सरपंचांनी लिहून दिलं, की ही दोघं लग्नाच्या कितीतरी आधीपासून पती-पत्नी म्हणून एका घरात नांदत आहेत. गंगी धवलेरी अंगठा द्यायला जव्हारपर्यंत आली आणि मला म्हणाली, "मांडवात नवरी हसत होती, हा पन लिव. उगाच लगीन लावला नाय मी." मी तेही लिहिलं. आणि सगळ्यांच्या वर ठेवला तो माझ्या दुकानातला फोटो, बटण उपटणाऱ्या चैतीचा. रंजनाने तो बराच वेळ हातात धरला. मग म्हणाली, "हिच्यामुळे काम होल बघ."

सगळं स्कॅन करून पाठवलं. दुसऱ्याच दिवशी सल्लागाराचा फोन आला. रंजना समोरच बसली होती, म्हणून मी स्पीकर लावला.

"अहो, हे काय पाठवलंत? ही मुलगी कोण?"

"त्यांची. चैती. गेली ती लहानपणीच," मी म्हणालो.

चैती कधी झाली, कधी गेली, ते त्याने विचारून घेतलं. मग त्याने जे सांगितलं ते समजायला मला दोनदा विचारावं लागलं. तिकडे कायमचं राहायचा अर्ज करताना हरेशने 'अविवाहित' असं लिहिलं होतं. मूल या रकान्यात शून्य. तेव्हा मांडव पडला नव्हता, लेक जिवंत नव्हती. त्याने आपल्या परीने खरंच लिहिलं. पण त्यांच्या कायद्याने नुसतं एका घरात नांदणंही लग्नासारखंच धरतात, आणि तेव्हा लपवलेल्या बायकोला पुढे कधी नेता येत नाही. आम्ही जमवलेला प्रत्येक कागद हेच ओरडून सांगत होता, की हरेशला तेव्हा बायको होती. जितका पुरावा पक्का, तितकं रंजनाचं जाणं कठीण. शिवाय खोटं बोलला म्हणून हरेशचं तिकडचं राहणंसुद्धा जाईल.

"मग करायचं काय?"

"लग्नाच्या वर्षभर आधी ओळख झाली, असं लिहू. त्याआधीचं सगळं काढून टाका. मुलीचं कुठेही नाव नको. मुलाखत झाली तर ताईंना तयार ठेवू."

तयारी म्हणजे काय, ते मी माझ्या दुकानात बसून पाहिलं. तो फोनवरून विचारायचा, "तुमच्या पतीचं नाव?" आणि रंजना म्हणायची, "चैतीचा बा."

"हरेश म्हणा, ताई."

"हां. हरेश." मग पुढच्याच प्रश्नाला पुन्हा, "चैतीचा बा सांगत होता..."

तो वैतागायचा. एकदा तर ओरडला, "ताई, ही सवय मोडा! एका शब्दाने सगळं जाईल!" फोन ठेवल्यावर रंजना माझ्याकडे बघून म्हणाली, "मग दुसरा काय म्हनू त्याला? मला तर तोच नाव येतो." तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. मला त्या सल्लागाराचा, कॅनडाचा आणि पेटलेल्या माझ्या हट्टाचा, सगळ्यांचा एकदम राग आला.

शेवटी सहीचा दिवस आला. अर्ज माझ्या टेबलावर होता. हरेश व्हिडिओ कॉलवर होता, त्याच्याकडे बाहेर बर्फ दिसत होता. मी रंजनाला रकाने वाचून दाखवत होतो. 'आजवर झालेली मुलं, हयात किंवा मृत' या रकान्याशी मी थांबलो. पुढे सल्लागाराने शून्य टाईप केलेलं होतं.

"हा काय हाय?" तिने विचारलं. मी सांगितलं.

ती फोनकडे वळली. "चैतीच्या बा, हे असा लिहायचा?"

"लिहायला लागेल, रंजना," हरेश म्हणाला. "एक शून्य तर आहे. त्याने ती आपली नाही असं थोडंच होतं? मीपण लिहिलं होतं ना तेव्हा?"

"तू लिवला तवा तुला ठावं नव्हता त्याचा काय होल. मला ठावं हाय." ती शांतपणे बोलत होती. "मी नऊ महिने पोटात वागवली. चिखलातून मी नेली. पोर झालीच नाय, असा माझ्या सहीने कसा लिवू?"

"मग खरं लिही," तो म्हणाला. "लिही. मला काढतील तर काढू देत."

रंजनाने अर्ज माझ्या बाजूला सरकवला. "नाय. ते पन नाय लिवणार. तुझी नोकरी गेली तर आईच्या औषधाचा काय? तू तिथं रहा. मी नाय येत."

खरं लिहिलं तर नवऱ्याची नोकरी जाणार, खोटं लिहिलं तर लेकीचं नाव. म्हणून तिने काहीच लिहिलं नाही. आपलं जाणं तेवढं सोडून दिलं. मी तिला समजवायचा प्रयत्न केला, खोटं कशाला सांगू. म्हणालो, देवाला कळतं सगळं, कागदाचं काय एवढं? ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "दादा, माझी गाडी सुटंल." हरेश पडद्यावर तसाच बसून होता. शेवटी मीच कॉल बंद केला.

ती साखरशेतलाच राहिली. अंगणवाडीत मदतनीस झाली, सुकीला शेवटपर्यंत सांभाळलं. सुकी गेली तेव्हा हरेश येऊ शकला नाही. मी फोन धरून उभा राहिलो आणि त्याने आईला तसं पाहिलं. त्यानंतर त्याचे फोन विरळ होत गेले. रंजना विचारलं तरच सांगायची, "कामात असल तो." हसायची अजूनही, पण हसू मुद्दाम बोलावून आणल्यासारखं.

यंदा होळी झाल्यावर हरेशने तिला नाही, मला फोन केला. तिकडे एक बाई आहे, त्याच्याबरोबरच काम करते. तिच्याशी लग्न करायचं तर आधीच्या लग्नाची फारकत कागदावर लागते. तो रडत होता. मी त्याला नको नको ते बोललो, आणि त्याने सगळं ऐकून घेतलं. राग माझा अजून गेलेला नाही. एकटं राहून माणूस झिजतो हे मलाही कळतं, पण बांधावरचं झाड रोज बघत राहणारी माणसंही झिजतात.

रंजनाला मीच सांगितलं. तिने ऐकलं, माठाकडे गेली, पाणी प्यायली. "मोकळा करू त्याला," एवढंच म्हणाली.

फारकतनामा करायला पंच आणि एक वकील माझ्या दुकानातच बसले. वकिलाने विचारलं, किती काळ वेगळे राहता? त्याचे पुरावे आहेत का? या वेळी पुरावे ढीगभर होते, जमवायलाही लागले नाहीत. त्याने भराभर टाईप केलं आणि वाचून दाखवलं: 'उभयतांना या संबंधातून अपत्य झालेले नाही.'

"झालाय," रंजना म्हणाली.

वकिलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "लिहा साहेब. एक मुलगी. चैती. मयत."

त्याने ते लिहिलं. रंजनाने सही केली, अक्षर न् अक्षर गिरवत. मी कागद हरेशला पाठवला आणि मनात म्हटलं, हा कागद तिकडे दाखवायचा, जुनं शून्य उघडं पडेल म्हणून आता हा घाबरणार, ही ओळ काढा म्हणणार. महिन्याभराने कागद परत आला. काहीही खोडलेलं नव्हतं. चैतीच्या नावाखाली, रंजनाच्या सहीशेजारी हरेशने सही केली होती.

रंजनाने त्याची एक झेरॉक्स मागितली. मी काढून दिली. तिने ती उभ्या उभ्या पाहिली, आणि माझ्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती मोठ्याने रडली.