शेजारचा मॉनिटर

“गादी हलत न्हाई, ताई.” हे शेजारी बसणाऱ्या काकांचं ठरलेलं उत्तर. टेबल वीतभर सरकवायचं असो नाहीतर खुर्ची, बोलताना मान वर करायचे नाहीत.

लातूरला कोर्टाजवळच्या डीटीपीच्या दुकानात काका आणि मी संगणकावर लग्नपत्रिका लावायचो. मॉनिटर तेव्हा पेटीएवढे अवजड, एकाच टेबलावर खेटून ठेवलेले. त्यांचा सुरू झाला की माझ्या पडद्यावरची अक्षरं थरथरायला लागायची. बंद केला की गप्प. दुपारपर्यंत माझं डोकं ठणकायचं, काम मागे पडायचं. मालकांनी बजावलं होतं, “असंच चाललं तर दुसरीकडं बघा.” नोकरी गेली की मला चाकूरला परत जावं लागणार होतं, आणि तिथे घरचे माझं लग्न उरकायला टपलेच होते.

ते आधी आडतीवर मुनीम होते. पूजा करून मांडलेली गादी दसऱ्याशिवाय हलवायची नाही, ही तिथली रीत त्यांनी इथं आणली; मॉनिटर हीच आता त्यांची गादी. रोज मॉनिटरला विभूतीचं बोट लावूनच बटण दाबायचे. त्यांच्या भक्तीला माझी ना नव्हती. पण इतका आडमुठा माणूस तुम्हीही पाहिला नसेल.

“काका, दोन्हींत हातभर अंतर पाहिजे. मेकॅनिकनं सांगितलंय.”

“माझा तर झकास चालायलाय. तुमचे डोळे तपासा.”

मी गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून मध्ये उभा केला. थरथर जरा कमी झाली. दुसऱ्या दिवशी पत्रा कचऱ्यात.

“दोन गाद्यांत आडभिंत? अवलक्षण हाय ते!”

मग मी दसऱ्याची वाट पाहिली. टेबल पुसून त्यांचा मॉनिटर पार टोकाला मांडला, दोन्ही सुरू करून पाहिले. माझा पडदा पहिल्यांदाच स्थिर होता. मला रडूच आलं.

ते आले, त्यांनी मॉनिटर बंद केला, छातीशी धरून उचलला आणि जुन्या जागी आदळला.

“हलवायची ती गादीवाल्यानं. तुम्ही कोन?”

मालक नुसते हसले. जुनी गिऱ्हाइकं काकांची होती ना! दिवाळीआधी मला काढलं.

माझा चष्मा दुकानातच राहिला होता. दुसऱ्या दिवशी आणायला गेले, तर त्यांचा मॉनिटर टेबलाच्या मधोमध, पंख्याखाली.

“काका, मॉनिटर हलवला?”

बशीतला चहा फुंकत ते म्हणाले, “जागा मोकळी झाली की, ताई. उगं कोपऱ्यात कोन बसून राहतंय?”

त्या माणसाला मी आजही माफ केलेलं नाही. चष्मा उचलला आणि चाकूरची बस धरली.