वीरधवलच्या गालावरचा व्रण

सांगलीच्या एका हॉलमध्ये क्रांतीने झेरॉक्सचं मशीन नेलं, भरल्या सभेत हरवलेल्या भावाचा चेहरा पुसला, आणि वर तिला शाल-श्रीफळ मिळालं. याला परफॉर्मन्स म्हणतात म्हणे. मी आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. मला ही कला कळत नाही. पण त्या दिवशी मी तिथे होते आणि ते डोक्यातून जात नाही, म्हणून लिहिते.

क्रांतीचं झेरॉक्सचं दुकान विट्यात, माझ्या घराच्या खालीच. पूर्वी ते तिच्या मामाचं. तिचा थोरला भाऊ वीरधवल इथल्या पोरांसारखाच सोनं गाळायच्या दुकानात कामाला लागला, तिकडे लांब मदुराईला. एका सकाळी चहाला म्हणून खाली उतरला तो परत आलाच नाही. सोनं जागच्या जागी होतं. क्रांती तेव्हा नववीत, आणि भाऊ तिने पाहिलेला तो दिवाळीपुरता; मी तर त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

फोटो एकच होता. मामाच्या मशीनवर तिने ‘हरवला आहे’ची पत्रकं काढायला घेतली. तिची आई बनुबाई शेजारी उभी. काचेखालून उजेड सरकला तशी ती म्हणाली, “किती उजेड मारतीस गं त्याच्या डोळ्यावर? दिपलं असतील.” फोटो उचलला आणि थेट ट्रंकेत टाकला. पुन्हा दिला नाही.

मग पत्रकं संपली की उरलेल्या एका पत्रकावरून क्रांती पुढची काढायची. त्यातल्या एकावरून त्याच्या पुढची. विट्याची पोरं सोन्याच्या कामापायी देशभर पसरलेली; ती गठ्ठे न्यायची, जिथे जातील तिथे चिकटवायची. कॉपीची कॉपी दर खेपेला काळवंडणार, हे शेंबडं पोरही सांगेल. मीही सांगितलं.

“आई फोटो देत न्हाई, मॅडम.”

“मग भांड तिच्याशी.”

“भांडून झालंय. तुमी भांडा आता.”

डोळ्यांच्या खोबणी झाल्या, नाक गेलं. उजव्या गालावरचा व्रण तेवढा ठसठशीत होत गेला. क्रांतीने तो मजकुरातही घातला : खूण, उजव्या गालावर व्रण. बनुबाईला वाचता येत नाही, आणि ती त्या पत्रकांकडे बघायचीही नाही. मेल्या माणसाचं छापतात तसलं दिसतं, म्हणायची.

चेहरा जसजसा जात चालला तसतसे त्याला ओळखणारे वाढले. म्हसवडहून सुलाबाई नावाची एक बाई आली आणि पत्रक छातीशी धरून दुकानाच्या पायरीवर बसली. “ह्यो माझा ज्योतिबा हाय.”

“मावशी, ह्यो आमचा वीरधवल.”

“आसंल की. पर हाय ज्योतिबाच.”

क्रांतीने तिला ते देऊन टाकलं. अशी माणसं येत राहिली.

एकदा मदुराईहून अर्जुनाचा फोन आला. हा आमच्याच आळीतला पोरगा, पण वीरधवलला त्यानेही पाहिलेलं नव्हतं. मी दुकानातच होते. स्टँडवर एक माणूस बसून आहे, आपल्याकडचं बोलतो, विट्याचं नाव काढतो. क्रांती काउंटरला धरून उभी राहिली. “उजव्या गालावर व्रण हाय का बघ,” ती म्हणाली. “नीट बघ, जवळ जाऊन.” बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, “बरं. मग तो न्हवं आमचा.”

पुढे कधीतरी तिने उरलीसुरली पत्रकं भिंतीवर ओळीने लावली. सांगलीच्या एका चित्रकला शिक्षकाने ती भिंत पाहिली आणि हे सगळं स्टेजवर करायला सुचवलं. क्रांती हो म्हणाली. मी कारण विचारलं.

“येवढं झालं की थांबणार, मॅडम. शोधायचं थांबणार.”

मशीन टेम्पोत चढवलं. बनुबाईला धरून मी बरोबर गेले. हॉलमध्ये क्रांतीचं काम एकच. पत्रक काचेवर ठेवायचं, कॉपी काढायची, जुनी समोरच्या माणसाच्या हातात द्यायची, नवी काचेवर. उजेडाची पट्टी तिच्या हनुवटीवरून सरकायची. लोक आपल्या हातातल्या कागदाकडे बघत राहिले. एकजण उठून बाहेर गेला; कागद त्याने खिशात घातला होता. शेवटी मशीनमधून आलेल्या कागदावर चेहरा नव्हताच. व्रणाची तिरपी काळी रेघ होती फक्त. टाळ्या झाल्या. बनुबाईने वाजवल्या नाहीत.

स्टेजच्या मागे क्रांती घाम पुसत बसली होती. बनुबाईने कमरेची पिशवी सोडली आणि ट्रंकेतला फोटो काढून तिच्या मांडीवर ठेवला. “थांबतीस म्हणालीस. आता तूच ठेव त्याला.”

क्रांतीने फोटो दिव्याखाली धरला.

“आई, ह्यो कोण?”

“कोण म्हंजी? इरधवल.”

“व्रण कुठाय?”

“कसला व्रण गं? नितळ गाल हुता माझ्या पोराचा. कवा खरचटलं सुदिक न्हाई.”

मी फोटो घेऊन चष्म्याजवळ नेला. गाल स्वच्छ होता. “पहिल्या दिवशी काचेवर केस पडला असेल,” मी बोलून गेले. “तुझाच एखादा. तोच पुढे जाडावत आला.”

क्रांतीने माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, अर्जुनाला मी काय म्हणाले हुते?”

मी फोटो बनुबाईकडे दिला आणि पाणी आणायला गेले.

त्याच आठवड्यात ती मदुराईला जाऊन आली. स्टँडवर त्या माणसाला कुणी ओळखत नव्हतं. आल्यावर खऱ्या फोटोवरून नवी पत्रकं काढली, चांगली स्पष्ट. पोरं ती घेऊन गेली. त्यांवर एकही फोन आलेला नाही. म्हसवडची सुलाबाई तेवढी येऊन बघून गेली. “ह्यो कुणी दुसराच हाय,” म्हणाली.

परवा मी दुकानात माझे कागद घेऊन उभी होते. माझ्या पुढे पंचेचाळिशीचा, वीरधवल आज असेल त्याच वयाचा एक गृहस्थ. आधार कार्ड काचेवर ठेवून क्रांती तशीच उभी, झाकण हातात.

“आवं ताई, दोन्ही बाजू काढा,” तो म्हणाला.

“जरा उजेडाकडं तोंड करा,” ती म्हणाली.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग निमूटपणे मान वळवली. गालावर काहीच नव्हतं.

“गाव कंचं तुमचं?” क्रांतीने विचारलं.